केसकरांचा रेडिओ, पुण्याचा रेडिओ



२ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्यात रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा दिल्लीत माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांचा जन्म पुण्यातलाच, १९०३ मधला. पण आज पुण्यात दहा जाणत्यांना विचारलं तर केसकरांची एकच आठवण निघते: सिनेमाची गाणी रेडिओवरून घालवणारा मंत्री. तीही आठवण निम्मीच खरी आहे. १९५२ पासून १९६२ पर्यंत सलग दहा वर्षं हे खातं त्यांच्या हातात होतं. आपल्या सार्वजनिक रेडिओचा पिंड त्या दहा वर्षांत घडला. शनिवारी रात्रीची शास्त्रीय संगीताची मैफल, गायक-वादकांच्या श्रेणी, सुगम संगीताचे विभाग आणि विविध भारती ही सगळी त्यांच्याच काळातली. गीतरामायण झालं तेही याच दशकात, आणि याच शहरात.

आजचा विषय केसकरांची कारकीर्द हा आहे. पण ती दिल्लीच्या फायलींतून पाहण्यापेक्षा पुण्याच्या केंद्रातून पाहावी, असा या व्याख्यानाचा प्रयत्न आहे. दिल्लीत निघालेल्या हुकमांचं पुढं काय झालं, ते इथं स्पष्ट दिसतं.

केसकर रेडिओचे माणूस नव्हते. पॅरिस विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेला, काँग्रेसच्या परराष्ट्र विभागात काम केलेला, पक्षाचा सरचिटणीस झालेला, आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या हाताखाली परराष्ट्र खात्याचा उपमंत्री असलेला हा कार्यकर्ता. निवडणुका लढवल्या त्या उत्तर प्रदेशातून. काशीत धृपदाचं रीतसर शिक्षण घेतलेलं. मंत्र्याला संगीताची आवड असणं वेगळं आणि संगीतातलं काय टिकावं, काय जावं याबद्दल ठाम मतं असणं वेगळं. केसकरांकडे ही मतं होती, आणि ती अमलात आणायला देशातली सगळी रेडिओ केंद्रंही होती.

ती मतं आली कुठून, हे समजायला मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्यांना स्वरलिपीत बांधलं, १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवली, आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं केलं. संगीत दरबारातून आणि कोठीवरून उचलून शाळेत आणायचं, त्याला व्याकरण द्यायचं, मध्यमवर्गाच्या घरात प्रतिष्ठेनं बसवायचं, ही त्या दोघांची धडपड होती. केसकर याच वाटेवरचे पुढचे प्रवासी. भातखंड्यांनी जे काम ग्रंथांनी आणि विद्यालयांनी केलं, ते केसकरांना रेडिओनं करायचं होतं.

त्या वेळचा रेडिओ केवढा होता? १९४७ मध्ये भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशाच्या भूभागाच्या अडीच टक्क्यांपर्यंत आणि लोकसंख्येच्या अकरा टक्क्यांपर्यंत त्यांचा आवाज पोहोचत होता. रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. मराठी मुलखात मुंबईच्या जोडीला १९४८ मध्ये नागपूर आलं, मग पुणे.

दुसरीकडे त्याच चार-सहा वर्षांत संस्थानं विलीन झाली. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, इचलकरंजी, बडोदे ही नावं आपल्याला राजकारणापेक्षा गाण्यामुळं अधिक ठाऊक आहेत. कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, इचलकरंजीकरांनी बाळकृष्णबुवांना. १९४९ मध्ये कोल्हापूरही मुंबई राज्यात आलं आणि हा सगळा आधार संपला. तिकीट लावून होणाऱ्या मैफली थोड्या, शिकवण्या कमी पैशांच्या, ग्रामोफोन कंपनीला तीन मिनिटांत मावेल तेवढंच हवं. अशा वेळी हजारो गायक-वादकांना ठरलेल्या तारखेला बोलावणारी, कराराचा कागद आणि मानधन देणारी एकच जागा देशात उरली होती, ती म्हणजे रेडिओ.

केसकरांनी हे ओळखलं. हे त्यांचं सर्वांत मोठं श्रेय आहे आणि ते पुरेसं दिलं जात नाही. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री साडेनऊ ते अकरा, एकच कलाकार, आणि देशातली सगळी केंद्रं तोच कार्यक्रम सहक्षेपित करणार. दीड तास! ज्या गायकाला तबकडीवर तीन मिनिटं मिळत, त्याला राग मांडायला दीड तास मिळाला, आणि ज्याला मुंबई-पुण्याची मैफल कधी परवडली नसती, त्या तालुक्याच्या गावच्या मास्तरांना ती घरी बसून ऐकायला मिळाली. उत्तरेच्या श्रोत्याच्या कानावर कर्नाटक संगीत आणि दक्षिणेच्या श्रोत्याच्या कानावर खयाल नियमित पडू लागला तो या कार्यक्रमामुळं. त्याच वर्षी दिल्लीत वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याची धुरा रविशंकरांकडे आली. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागलं.

पुण्यात १९५३ हे वर्ष आणखी एका कारणानं लक्षात राहिलं. सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी इथंच गेले आणि पुढच्या वर्षी भीमसेन जोशींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरूच्या स्मृतीसाठी महोत्सव सुरू केला. एकाच वर्षी या शहराला शास्त्रीय संगीताची दोन घरं मिळाली, एक मांडवातलं आणि एक स्टुडिओतलं.

आता केसकरांची दुसरी बाजू. गायक-वादकांना काम द्यायचं तर कुणाला किती, हे ठरवायला हवं. त्यासाठी ध्वनिचाचणीची पद्धत आली आणि श्रेणी आल्या: बी, बी-हाय, ए, आणि टॉप. चाचणी मंडळाची सूत्रं भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे आली. रातंजनकर म्हणजे मॅरिस कॉलेजचे प्राचार्य, मोठे वाग्गेयकार, पंडित. पण ज्यांनी आयुष्यभर गुरूसमोर बसून गाणं उचललं होतं, त्यांना रागाचं शास्त्र विचारलं जाऊ लागलं. नावाजलेल्या कलावंतांना पुन्हा परीक्षेला बसणं अपमानाचं वाटलं. मुंबईत कलाकारांनी उघड विरोध केला. गळ्यात राग असणं आणि त्याचे आरोह-अवरोह, वादी-संवादी कागदावर सांगता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसऱ्या कौशल्याला नको तेवढं वजन मिळालं, असंच म्हणावं लागेल. मात्र श्रेणीची पद्धत टिकली. तालुक्याच्या गावातल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलीला अर्ज करून रेडिओवर गाता येऊ लागलं, ते त्याच पद्धतीमुळं. अन्यायाची आणि न्यायाची मुळं एकाच ठिकाणी होती.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे संगीताच्या इतिहासाबद्दल केसकरांचं मत. हिंदुस्थानी संगीताच्या घसरणीचा दोष ते मुसलमान राज्यकर्त्यांवर आणि विद्या लपवून ठेवणाऱ्या खानदानी उस्तादांवर ठेवत. पुण्यात बसून हे मत तपासलं तर ते उभंच राहत नाही. सवाई गंधर्व शिकले अब्दुल करीमखाँसाहेबांकडे, आणि खाँसाहेबांनी आयुष्याचा उत्तरार्ध मिरजेत घालवला. केसरबाई आणि मोगूबाई घडल्या अल्लादियाखाँसाहेबांकडे. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी बहुतेक गायकी मराठी शिष्यांना मुसलमान गुरूंनी दिलेली आहे, तीही अनेकदा पोटच्या मुलांइतक्या मायेनं. केसकरांच्या रेडिओनं पुढं ज्यांना दीड-दीड तास दिले, त्यांतल्या कितीतरी जणांचं गाणं याच परंपरेतून आलेलं होतं.

दोन गोष्टी मात्र केसकरांच्या नावावर उगाच लागल्या आहेत. पेटीची बंदी त्यांनी घातली असं सर्रास सांगितलं जातं. ती १ मार्च १९४० पासूनची, म्हणजे बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन रेडिओचे प्रमुख असतानाची. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेल्या जॉन फोल्ड्झ यांनी पेटीविरुद्ध लिहिलं होतं, आणि रवींद्रनाथांचंही पेटीबद्दलचं मत प्रतिकूलच होतं. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राला, ऑर्गन आणि पेटीवर वाढलेल्या नाट्यसंगीताला, ही बंदी विशेष जाचली. केसकरांनी ती चालू ठेवली, एवढाच त्यांचा वाटा. तसंच, ज्यांचं खासगी जीवन बदनाम आहे अशा गाणाऱ्यांना रेडिओवर घ्यायचं नाही, हा नियम सरदार पटेल या खात्याचे मंत्री असतानाचा आहे. या नियमानं कोठीवर गाणाऱ्या किती बायकांचं काम गेलं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता सिनेमाच्या गाण्यांकडे येऊ.

१९५२ मध्ये केसकरांनी चित्रपटगीतांची वेळ कमी करायला लावली आणि गाणी निवडण्यासाठी छाननी सुरू केली. ती त्यांना उथळ वाटत. शब्दांत त्यांना अश्लीलता दिसे आणि वाद्यमेळात पाश्चात्त्य उसनवारी. त्यातच गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही असं ठरलं, कारण नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात. निर्माते भडकले. गाणी वाजवू देण्याचे करारच त्यांनी संपवले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस रेडिओवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे मंत्र्यानं कात्री लावली आणि निर्मात्यांनी दार लावलं. दोघांच्या भांडणात श्रोता बाहेर राहिला.

श्रोता बाहेर राहिला, पण थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी कोलंबोला उभा केलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या रेडिओकडे आला होता आणि त्यावरून व्यापारी हिंदी सेवा चालत होती. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानींचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, टेप विमानानं कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री आठला समुद्रापलीकडून तो आवाज परत पुण्याच्या वाड्यांत ऐकू येई. गाणी आपली, निवेदक आपला, श्रोते आपले, जाहिराती देणारेही आपल्याच बाजारातले. फक्त प्रक्षेपक परका.

लोकांना आज जे आवडतं त्याच्या एक पायरी वरचं द्यावं, म्हणजे आवड वर चढते, हा विचार बीबीसीच्या जॉन रीथ यांनी १९२० च्या दशकात रुजवला होता आणि सार्वजनिक रेडिओ जगभर याच विचारावर उभा राहिला. पण रीथना ब्रिटनमध्येही युरोपच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या व्यापारी केंद्रांनी सतावलं. रेडिओच्या लहरींना सरहद्द नसते. बटण फिरवायला श्रोत्याला कुणाची परवानगी लागत नाही. केसकरांना हे पाच वर्षांनी पटलं.

मग गाळून टाकलेल्या गाण्याच्या जागी द्यायचं काय? केसकरांचं उत्तर होतं, आपणच करायचं. १९५३ पासून केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले. चांगल्या कवीकडून गीत घ्यायचं, रागांची जाण असलेल्या संगीतकाराकडून चाल बांधून घ्यायची, चांगल्या गायकाकडून गाऊन घ्यायचं. अनेक केंद्रांवर यातून निघालेली गाणी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. पुण्यात मात्र वेगळं घडलं.

पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते. आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना त्यांनी रेडिओसाठी काहीतरी सलग लिहायला सांगितलं. त्यातून गीतरामायण आलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. त्या सकाळी पहिलं गीत प्रक्षेपित झालं. आठवड्याला एक गीत, अशी योजना वर्षभराची होती. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून ५२ ची ५६ गीतं झाली आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, मालिका पूर्ण झाली. सर्व गीतांना संगीत सुधीर फडक्यांचं. गाणाऱ्यांत स्वतः फडके, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर अशी मंडळी. व्हायोलिनवर प्रभाकर जोग.

पहिल्या गीताची एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. लिहिलेला कागद ऐन वेळी सापडेना, प्रक्षेपणाची वेळ जवळ येत होती, तेव्हा लाडांनी माडगूळकरांना स्टुडिओतल्या एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि गीत लिहून झाल्यावरच उघडली. या गोष्टीत थोडी भर पडली असेल. पण दर आठवड्याला एक नवं गीत लिहायचं, त्याला चाल लावायची, गायक ठरवायचे, तालीम घ्यायची आणि ठरल्या सकाळी ते हवेत जायलाच हवं, ही शिस्त खरी होती. गीतरामायणाची घडण या आठवड्याच्या चक्रात झाली. प्रत्येक गीत स्वतंत्रपणे उभं राहायला हवं, कारण श्रोता मागचं विसरलेला असू शकतो. आणि कथा पुढंही जायला हवी, कारण पुढच्या आठवड्यात तो परत यायला हवा. बहुतेक गीतं रामायणातल्या कुणा ना कुणा पात्राच्या तोंडी आहेत. डोळ्यांना काहीच न दिसणाऱ्या माध्यमात बोलणारा कोण आहे हे पहिल्या ओळीत कळावं लागतं, आणि ते माडगूळकरांना नेमकं साधलं. कानांसाठीच लिहिलेलं हे काव्य आहे.

लोकांनी ते कसं ऐकलं, त्याच्या आठवणी पुण्यात घराघरांत आहेत. शेजारपाजारचे रेडिओ असलेल्या घरी जमत. काही ठिकाणी रेडिओला हार घालत. शब्द छापून द्या म्हणून पत्रं येऊ लागली, वृत्तपत्रांनी गीतं छापायला घेतली, आणि १९५७ मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं पुस्तकच काढलं.

केसकरांना हवं होतं ते सगळं यात होतं. अभिजात विषय, रागांवर आधारलेल्या चाली, निर्मळ भाषा, आणि अफाट लोकप्रियता. पण हे करणारे कोण होते? माडगूळकर आणि फडके, दोघेही १९१९ मध्ये जन्मलेले, दोघेही सिनेमाचे. माडगूळकरांची लेखणी पटकथा, संवाद आणि चित्रपटगीतांवर चालत होती. फडक्यांच्या संगीताची कमाई चित्रपटांतली. ठरल्या वेळेत, ठरल्या प्रसंगाला, ठरल्या लांबीचं गीत लिहिण्याचा सराव माडगूळकरांना कुठं मिळाला? कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओत. मोजक्या वाद्यांत प्रसंग रंगवणं फडके कुठं शिकले? तिथंच. ज्या दुनियेला केसकरांनी रेडिओच्या दाराबाहेर ठेवलं, त्याच दुनियेनं त्यांच्या धोरणाचं सर्वांत देखणं फळ दिलं.

हा पुण्यापुरता योगायोग म्हणावा, तर इतरत्रही तेच दिसतं. वाद्यवृंद घडवणारे रविशंकर त्याआधी ‘नीचा नगर’ आणि ‘धरती के लाल’ या चित्रपटांना संगीत देऊन आले होते, आणि रेडिओत असतानाच त्यांनी ‘पथेर पांचाली’चं संगीत केलं. शेवटी केसकरांनी सिलोनला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली, तेव्हा तिची धुरा ज्या पंडित नरेंद्र शर्मांकडे दिली, ते हिंदीतले मोठे कवी आणि बॉम्बे टॉकीजचे गीतकार. उद्घाटनासाठी खास गीत बांधलं गेलं: शब्द शर्मांचे, संगीत अनिल विश्वासांचं, आवाज मन्ना डे यांचा. तिघेही सिनेमाचे आणि गीत मात्र सिनेमाचं नव्हे.

केसकरांची चूक इथं नेमकी कळते. चित्रपटगीत कमअस्सल असतं कारण ते करणारी माणसं कमअस्सल असतात, असं त्यांनी धरलं. फरक माणसांत नव्हता, कामात होता. त्याच माडगूळकरांना निर्मात्यानं नायिकेसाठी गाणं मागितलं तर ते तसं लिहीत. लाडांनी वर्षभराचा अवकाश, विषयाचं स्वातंत्र्य आणि श्रोत्यावरचा विश्वास दिला, तेव्हा त्यांच्याकडून रामायण आलं. सार्वजनिक रेडिओला धंद्याच्या हिशेबात न बसणारं काम मागता येतं, हेच त्याचं बळ. केसकरांनी मागितलं तिथं त्यांना मिळालं. बंदी घातली तिथं ते हरले.

मागण्याची ही रीत त्यांनी संगीतापुरती ठेवली नाही. साहित्यिक आणि कलावंतांना कारकुनी पायऱ्या न चढवता निर्माता म्हणून रेडिओत आणायचं, हे त्या दशकातलं धोरण होतं. पुण्यात १९५५ मध्ये पु. ल. देशपांडे आले. त्याआधी दोन वर्षं त्यांचा ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट येऊन गेला होता, तेव्हा तेही सिनेमातूनच आले म्हणायचे. पुढं ते दिल्लीला गेले, आणि दूरदर्शनच्या आरंभीच्या दिवसांत तिथं काम केलं. त्याच १९५५ मध्ये ग. दि. माडगूळकरांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात दाखल झाले. ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपानं आली तेच हे वर्ष. थोरला भाऊ शुक्रवारी सकाळी रामायण सांगत होता आणि धाकटा गावकऱ्यांशी बोलायच्या कामाला लागला होता, एकाच केंद्रावरून. व्यंकटेश पुढं सुमारे तीन दशकं तिथंच राहिले.

आणि ग्रामीण विभागाचं नाव आलं की १९५६ चा प्रयोग सांगायलाच हवा. पुण्याच्या रेडिओचं जगाला दिलेलं देणं कोणतं, असा प्रश्न कुणी केला तर गीतरामायणाइतकंच हे उत्तर द्यावं लागेल. तरी पुण्यात ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालत होती. शेजारी एका घरात जमायचे, कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपलं मत कळवायचे. हे भारतात जमेल का, ते पाहायचं युनेस्कोच्या मदतीनं ठरलं आणि त्यासाठी पुणे केंद्र निवडलं गेलं. त्या वेळी रेडिओचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर, सनदी अधिकारी आणि ‘कोणार्क’ नाटकाचे लेखक. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. १९ फेब्रुवारी ते २९ एप्रिल १९५६ या दहा आठवड्यांत, आठवड्याला दोन याप्रमाणं, अर्ध्या अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ, एक अध्यक्ष, एक निमंत्रक. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा करायची. निमंत्रकानं चर्चेचा वृत्तान्त आणि गावाचे प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात द्यायची.

रेडिओ एकतर्फी बोलतो, ही त्याची जुनी अडचण. इथं टपालानं ती दूर केली होती.

मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते केलं पॉल न्यूराथ यांनी. मूळचे व्हिएन्नाचे, दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांतून वाचलेले, पुढं अमेरिकेत समाजशास्त्राचे प्राध्यापक झालेले न्यूराथ महाराष्ट्रातल्या गावांत फिरून शेतकऱ्यांना काय कळलं ते मोजत होते. त्यांनी मंडळ असलेली गावं मंडळ नसलेल्या गावांशी ताडून पाहिली. मंडळाच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. जिथं नुसताच रेडिओ होता तिथं फार थोडी. ऐकण्यापेक्षा ऐकून चारचौघांत बोलण्यानं फरक पडतो, हा त्याचा अर्थ. वयानं किंवा मानानं लहान असलेलेही या बैठकांत बोलू लागले, हे निरीक्षणही महत्त्वाचं. माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोनं १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ही मंडळं देशभर न्यायचा निर्णय झाला. विकासासाठी संवाद हा विषय शिकवताना जगभर आजही पुण्याचं उदाहरण दिलं जातं. देशभर पसरल्यावर मात्र योजना पातळ झाली. गावागावात पोचून निमंत्रक तयार करणारी, पत्रांना उत्तर देणारी माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत.

एका मंत्र्याच्या आवडीनिवडीवर देशाचं ऐकणं ठरावं का, हा प्रश्न केसकरांच्या कारकिर्दीतून वगळता येत नाही. १९४८ मध्ये नेहरूंनी संविधान सभेत सांगितलं होतं की रेडिओची रचना शेवटी बीबीसीसारखी निमस्वायत्त असावी, पण ते लगेच शक्य नाही. ते ‘लगेच’ फार लांबलं. प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती नोव्हेंबर १९९७ मध्ये. मधल्या काळात खातं मंत्र्याचंच होतं. केसकर सुसंस्कृत होते, त्यांनी रेडिओचा वापर स्वतःच्या प्रसिद्धीसाठी केला नाही. पण त्यांनी जी घडी बसवली तिच्यात मंत्र्याला कार्यक्रमापर्यंत हात घालता येत होता. पुढं १९७५ च्या आणीबाणीत तोच हात कुठवर गेला, हे आपण ऐकलं आहे. संगीताच्या भल्यासाठी उघडलेली वाट कुणाच्याही उपयोगाला येते.

१९६२ च्या निवडणुकीत केसकर उत्तर प्रदेशातून हरले आणि मंत्रिपद गेलं. नंतर नॅशनल बुक ट्रस्टचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९६७ मध्ये भारतीय संगीताच्या समस्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्यासाठी पहिली तीन शहरं निवडली गेली ती मुंबई, नागपूर आणि पुणे. पंधरा वर्षं कोलंबोकडे जाणाऱ्या जाहिराती आता इथंच वाजू लागल्या, चित्रपटाच्या नावासकट. १९७१ च्या सुमारास पेटीवरची बंदी सैल झाली आणि साथीला ती पुन्हा आली. केसकर १९८४ च्या ऑगस्टमध्ये वारले, तोवर शनिवारचा राष्ट्रीय कार्यक्रम बत्तीस वर्षांचा झाला होता आणि व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रातून निवृत्त होण्याच्या बेतात होते.